नंबर त्रेसष्टवरचं नाव

‘खाणीतली वाट’ मी लिहिली. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण आजही मला अशी माणसं भेटतात ज्यांना ती दुसऱ्याच कोणी लिहिली असं वाटतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस लहानपणीच्या गोष्टी सांगता सांगता त्या पुस्तकावर येतो, लेखकाचं नाव घेतो, आणि ते माझं नसतं. मी जेवत राहतो.

पुस्तक म्हणजे एक चोपडी. ती सरळ वाचायची नव्हती. प्रत्येक मजकुराला नंबर होता. तुम्ही कोळशाच्या खाणीत नव्याने लागलेले कारकून आहात, खाली एक कामगार अडकला आहे, तुम्हाला उतरायचं आहे. कंदील घेणार असाल तर नंबर नऊवर जा, दोर घेणार असाल तर सतरावर. चुकलात की मेलात. परत एकवर या. मला हे सुचलं ते रेल्वेच्या वेळापत्रकावरून. एका गाडीचं पान काढावं तर ते ‘पुढे अमुक टेबल पाहा’ म्हणून दुसरीकडे पाठवतं, तिथून तिसरीकडे. एकदा भुसावळला जायचं होतं, आणि पानं उलटून उलटून मी इटारसीला पोचलो होतो. म्हटलं, हा तर खेळ आहे.

मी चौथी शिकलेला. महाल वस्तीतल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत वाढलो. पुढे एक छापखाना बंद पडत होता, त्याच्या मालकाशी तीन आठवडे घासाघीस करून पायाने चालवायचं जुनं यंत्र घेतलं. तो शेवटी म्हणाला, “घेऊन जा बाप्पा, पण उद्या येऊ नका.” लग्नसराईत पत्रिका छापायच्या, एरवी बिलबुकं. पावसाळ्यात यंत्र रिकामं राहायचं. रिकामं यंत्र मला बघवत नाही, म्हणून मी खेळ छापायला लागलो.

पहिला खेळ संत्र्याच्या सौद्याचा. बाजारात जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी हात रुमालाखाली धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेवटचा भाव सांगितल्यावर समोरच्याने हात ओढला नाही तर सौदा पक्का. तसा रुमाल मी खेळात ठेवला. पोरं दिवाळीच्या सुटीत वेडी झाली होती. पुढच्या दिवाळीला लकडगंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याने तोच खेळ रंगीत डब्यात काढला. तोच पट, तेच नियम, रुमाल मात्र चांगल्या कापडाचा.

मी त्याच्या गादीवर गेलो. म्हटलं, हा खेळ माझा आहे.

“खेळ काय कोनाच्या बापाचा असते का, भाऊ?” तो लोडाला टेकून म्हणाला. “बुद्धिबळ कोनाचं हाय, सांगा. अन् तुमचं नाव कुठी हाय याच्यावर? दाखवा ना मले.”

नाव नव्हतं. मी घातलंच नव्हतं. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या हमालांनी मला हाताला धरून पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं.

म्हणून ‘खाणीतली वाट’ काढली तेव्हा दोन गोष्टी केल्या. मुखपृष्ठावर माझं नाव खेळाच्या नावाएवढ्याच टायपात घातलं. आणि शेवट छापलाच नाही. शेवटच्या नंबरावर एवढंच होतं: ‘यापुढचे या पुस्तकात नाही. आपण ज्या वाटेने आलात ते नंबर जोडकार्डावर लिहून पाठवा, अथवा रविवारी सकाळी छापखान्यात या.’ जोडकार्ड म्हणजे दोन पोस्टकार्डं जोडलेली. एकावर तुम्ही लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर समोरच्याने उत्तर द्यायचं. चोरणाऱ्याने पुस्तक चोरलं तरी शेवट माझ्या डोक्यात. म्हटलं, बसा चोरांनो डोकं खाजवत.

रविवारी लोक खरंच येऊ लागले. कागदाच्या गठ्ठ्यांवर बसत. दोघंतिघं तर दर रविवारी असायची. इतवारीहून येणारा रेल्वेतला एक कारकून, आणि महालातल्याच दोन बहिणी, धाकटी मॅट्रिकला. मी प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायचो.

“चौदावर तुमचा कंदील विझला. मग एकतीसवर उजेड कुठून आला?”

“काडेपेटी होती ना,” कारकून म्हणायचा.

“काडेपेटी सव्वीसवर मिळते. तुम्ही सव्वीसवर गेलाच नाहीत.”

“गेलो होतो बाप्पा. लिवाचं राह्यलं.”

“मेलात तुम्ही. एकवर जा.”

“काका, तुमी लई खडूस आहा,” धाकटी म्हणायची. “मानसाले मरू तरी सुखानं देत जा.”

मला हे आवडायचं. माझ्याशी कोणी घासाघीस केली की मला बरं वाटतं, आणि ही माणसं पैशासाठी नाही, एका काडेपेटीसाठी भांडत होती. तास तास भांडत.

पण शेवट माझ्या डोक्यातही नव्हता. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. अडकलेल्या माणसापर्यंत खेळणाऱ्याला आणून सोडणं मला जमलं, पुढे काय हे जमेना. म्हणून त्या त्या दिवशी मनात येईल ते सांगायचो. सकाळी चहा चांगला झाला असेल तर माणूस जिवंत सापडायचा. एखाद्या गिऱ्हाईकाशी वाजलं असेल तर फक्त अडकलेल्याचा जेवणाचा डबा सापडायचा.

एका रविवारी कारकुनाने खिशातून कार्डं काढली आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडली. त्याने ओळखीच्या खेळणाऱ्यांकडून ती गोळा केली होती. सगळी माझ्या अक्षरातली.

“एकच वाट, सात शेवट,” तो म्हणाला. “मानूस चारदा जिता हाय अन् तीनदा मेला. असं कसं जमते, साहेब?”

“म्हन्जे तुमालेच नाई मालूम?” धाकटीने विचारलं.

मी सगळ्यांना हाकलून दिलं. पुढच्या रविवारी ते परत आले आणि कारकून शांतपणे म्हणाला, “दुसरी आवृत्ती काढसान तं तिच्यात शेवट छापा. नाई तं आमी खेळून नाई राह्यलो.”

दुसऱ्या आवृत्तीचा कागद मी आणून ठेवला होता. शेवट नव्हता.

त्याच सुमारास एक खाणकामगार आला. सावनेरकडच्या खाणीत कामाला होता. धुतलेला पांढरा सदरा, एस.टी.ने आलेला, हातात माझी चोपडी, समासात पेन्सिलीच्या खुणा. दारातून “जयभीम” म्हणाला. मी “नमस्कार” म्हणालो.

“तुमी खानीत उतरले काय कधी?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मंग?”

“राजाची गोष्ट लिहायला राजा व्हावं लागतं का?”

सगळे हसले. तोही हसला. “नाई लागत. पन राजाची चूक झाली तं दुसरा कोनी मरते. आमची झाली तं आमीच.”

मग त्याने माझी चूक दाखवली. माझ्या पुस्तकात कोणी छत वाजवून पाहत नव्हतं. खाणीत पुढे सरकण्याआधी छताला पहार मारायची आणि ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर दगड धरून आहे. फुटक्या मडक्यासारखा आला तर वर पोकळ झालंय, मागे फिरायचं. दिवस कंदिलाने निघत नाही, कानाने निघतो. “तुमच्या सगळ्याच वाटा चुकल्या,” तो म्हणाला. “पहिल्याच वळनावर सगळे मेले पाह्यजेत.”

मला राग आला, पण ऐकत राहिलो. त्याने एका सोबत्याबद्दल सांगितलं. हा सोबती छत वाजवण्यात सगळ्यांत तरबेज. एके दिवशी त्याने वाजवलं आणि आवाज वाईट आला. लाकडाचा एक टेकू सरकत होता. त्याने तो खांद्याने धरला आणि बाकीच्यांना जायला सांगितलं. बाहेर पडणाऱ्यांत आमच्यासमोर बसलेला हा होता. जाता जाता त्याला मागून पहारीचा आवाज येत होता. तो सोबती एका हाताने छत वाजवतच होता, हे लोक किती लांब गेले आणि छत किती धरून आहे, दोन्हींचा हिशेब ठेवत. मग आवाज थांबला.



पुढच्या रविवारी त्याने हे चार पानांवर लिहून आणलं, शाळेच्या वहीच्या. मी उभ्यानेच वाचलं. वाचताना कळलं की माझा शेवट सापडला. खेळणाऱ्याने अडकलेल्या माणसाला सोडवायचं नव्हतंच. तो माणूस टेकू धरून खेळणाऱ्याला सोडवत होता, आणि निवड एकच उरत होती: पहारीचा आवाज ऐकत चालत राहायचं, की मागे वळायचं. असं एक वाक्य माझ्याकडून आयुष्यात आलं नसतं.

बाकीचे गेल्यावर मी त्याला थांबवून घेतलं. म्हटलं, काय घ्याल?

“पैसे नोको.”

“मग?”

“त्याचं नाव टाका. त्या नंबरावर. पूरं, आडनावासकट.”

मी म्हटलं, या खेळात नावं नाहीत, सगळे ‘तुम्ही’ आहेत. तो म्हणाला, एक राहू द्या. मी म्हटलं, खाणीवाले नोटीस पाठवतील. तो म्हणाला, कोणत्या खाणीचं ते लिहू नका. मी म्हटलं, नुसतं पहिलं नाव घालतो. तो गप्प. आद्याक्षरं घालतो. गप्प. मग मी शेवटचा भाव सांगितला: शेवटच्या पानावर ‘सावनेरच्या खाणकामगारांचे आभार’ अशी एक ओळ, याउपर नाही.

आणखी एक कारण होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. आडनाव वाचून एखादा दुकानदार नाक मुरडेल आणि गठ्ठा परत करेल, हा हिशेब मी मनात केला होता. मी स्वतः तसलं काही मानत नाही. पण हिशेब केला होता.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठला आणि निघाला. चार पानं टेबलावरच ठेवून गेला.

मी बाजारात वाढलेला माणूस. शेवटचा भाव सांगितला, समोरच्याने माल उचलला नाही. सौदा झाला. मला दुसरं काही सुचलंसुद्धा नाही.

दुसरी आवृत्ती निघाली. त्याचा मजकूर नंबर त्रेसष्टवर घातला. ‘तो’ होतं तिथे ‘तुमचा सोबती’ केलं, बाकी अक्षराला हात लावला नाही. आभाराची ओळ शेवटी गाळली, पान भरलं म्हणून. खरं सांगायचं तर पान भरलं नव्हतं.

पुस्तक चाललं. रविवारी बसायला जागा पुरेना, लोक दारात उभे राहत. काडेपेटीचं भांडण कोणी करेना. सगळे त्रेसष्टवर बोलत. कारकून म्हणाला, “साहेब, मी तिथं मागं वळलोच नाई. दोन दिवस वाईट वाटत राह्यलं. पुस्तकासाठी, सांगा!” धाकटी म्हणाली, “मी दर वेळेस वळतो. दर वेळेस मरतो. तरी वळतो.” मोठ्या बहिणीने विचारलं, “काका, हे तुमाले कसं सुचलं?” मी म्हणालो, “सुचलं.”

असे पाचसहा रविवार गेले. मग तो सावनेरचा खाणकामगार आला. सोबत एक बाई होती, पांढऱ्या लुगड्यातली, चाळिशीची असेल. तिने पदराने आधी गठ्ठा झटकला आणि कडेला बसली.

“या वहिनी,” तो मला म्हणाला. “त्याच्या घरच्या. यायले वाचता येत नाई. कोनी त्रेसष्ट वाचून दाखवा.”

माझ्या लक्षात आलं तोवर धाकटीने वाचायला घेतलं होतं. चांगलं वाचलं तिने. पहारीच्या आवाजाशी येऊन थांबायचं तिथे थांबली. ती बाई मान खाली घालून ऐकत होती. वाचून संपलं तेव्हा तिने वर पाहिलं आणि वाट पाहत राहिली.

“अन् नाव?” तिने विचारलं.

धाकटीने पान उलटून पाहिलं. “कोनाचं नाव?”

“नावबीव काही नाही,” मी म्हणालो. “हा माझा मजकूर आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “तुमचा?”

“सौदा झाला होता आपला. मी शेवटचं बोललो, तुम्ही कागद ठेवून गेलात.”

“ठेवून गेलो म्हन्जे?” त्याला खरंच कळत नव्हतं. “तुमी टाकसान म्हून ठेवले. म्या म्हनलं, लिवनारा मानूस हाय, इचार करन. मी कायचा सौदा करू, साहेब? मी तुमाले भाव सांगितला काय?”

“मग उचलून न्यायचे होते कागद!” मी ओरडलो. “बाजारात माल ठेवून जायचं आणि दोन महिन्यांनी येऊन बोंब मारायची!”

“माल?” तो म्हणाला. एवढंच.

“राहू दे गा,” ती बाई उठत म्हणाली. “चाल. गाडी जाईन.”

ती दारापर्यंत गेली होती. धाकटी मध्ये आली. माझ्याच टेबलावरचं पेन तिने उचललं होतं. “मावशी, थांबा. काय नाव त्यायचं? मी लिवून घेतो.”

बाया नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसत, त्या वयाच्या तर नाहीच. तिने घेतलं. पूर्ण, आडनावासकट, शाळेत हजेरीला सांगावं तसं स्पष्ट. धाकटीने ते आपल्या प्रतीत त्रेसष्टच्या वर लिहिलं. मग कारकुनाने आपली प्रत पुढे केली. मग मोठीने. दारातल्या लोकांनी एकमेकांच्या पाठीवर पुस्तकं ठेवून लिहिलं. माझ्या छापखान्यात, माझ्या पेनाने. कोणी मला वाईट बोललं नाही. जाताना पेन परत ठेवलं.

पुढचा रविवार रिकामा गेला. कारकून एकदा एकटाच आला. म्हणाला, “तिसऱ्या आवृत्तीत एक ओळ टाकून द्या ना. मिटून जाईन.” मी त्याला सांगितलं की लकडगंजवाल्याने माझं नाव कधी टाकलं नाही, तेव्हा कोणी माझ्यासाठी पेन उचललं नव्हतं. तो म्हणाला, “आमी तवा तुमाले वळखतबी नव्हतो, साहेब.” मी म्हटलं, निघा.

लोक म्हणतात, लकडगंजवाल्याने तुमच्याशी केलं तेच तुम्ही त्या खाणकामगाराशी केलं. तसं नाही. त्याने मला विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, बसवून, चहा देऊन, तीन वेळा भाव बदलून. हे मी बायकोलाही समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग टाकून का नाही दिलं?” मी तिच्यावर चिडलो.

ते नाव फिरत गेलं. वाचनालयांतल्या प्रतींवर कोणीतरी लिहिलं. एकाची प्रत दुसऱ्याने उतरवून घेतली तेव्हा नावही उतरवून घेतलं, आणि उतरवता उतरवता ते त्रेसष्टवरून वर सरकत पहिल्या पानावर गेलं. मुखपृष्ठं तशीही लवकर फाटतात. मग कार्डं येऊ लागली. पत्ता माझ्या छापखान्याचा, नाव त्या मेलेल्या सोबत्याचं, खाली ‘लेखक, खाणीतली वाट’. पोस्टमन दारात उभा राहून विचारायचा, “हे तुमचंच ना? का वापस करू?” मी हात पुढे करायचो.

प्रत्येकाला मी जोडकार्डाच्या कोऱ्या भागावर लिहिलं: सदर गृहस्थ लेखक नाहीत, लेखक मी आहे. एकानेही पुन्हा लिहिलं नाही. एका पोराच्या प्रतीत नाव पहिल्या पानावर आणि त्रेसष्टवर, दोन्हीकडे असावं; त्याने त्या नावाला विचारलं होतं, तुम्ही टेकू धरला होता तर मग बाहेर कसे आलात, आणि खांदा आता दुखतो का. त्याचा कोरा भाग माझ्याकडे तसाच राहिला. त्याच्या नावाने ‘मी बाहेर असा आलो’ हे मला लिहिता येत नव्हतं, आणि तो बाहेर आलाच नाही, तेही.

तिसरी आवृत्ती काढली नाही. त्रेसष्टचा जुळवलेला मजकूर बरेच महिने तारेने बांधून टेबलाखाली होता. कारकून म्हणाला ते खरं होतं, एक ओळ टाकायची होती. एकदा मी ते नाव जुळवूनही पाहिलं. हाताला सवय असते, खिळे आपोआप सापडतात. जुळवलं, वाचलं आणि मला दिसायला लागलं की लोक म्हणतील, आला शेवटी ताळ्यावर. मी तार सोडली आणि सगळं मोडून एकेक खिळा आपल्या खणात टाकला, नावाचेही.

त्या बाईने ते ज्या आवाजात सांगितलं तो मला अजून ऐकू येतो. या आठवणींत मी कोणाचंच नाव घातलेलं नाही, माझंही नाही, म्हणजे आता बरोबरी झाली असं कोणी म्हणेल. बरोबरी नाही झाली. तेव्हा ते नाव मागायला माणसं एस.टी.ने येत होती. आता कोणी मागत नाही.